डाव्या अंगाला ठमी

बायजा धवलारीण खारपट्टीतलं गाव सोडून धाकट्या मुलाकडे अलिबागला राहायला निघाली, तेव्हा गावातल्या बायांनी तिला विचारलं होतं, "तिथं फ्लॅटात तू गाशील कुनापुढं?" बायजा पेटी भरत राहिली होती. ज्या गोष्टीचं आपल्यालाच नीट ठाऊक नाही तिच्याबद्दल बोलायचं नाही, ही तिची जुनी सवय.

आगरी लग्नात भटजी मांडवात येण्याआधीचं सगळं धवलारणीचं, म्हणजे धवले, विधींची गाणी, गाणाऱ्या बाईचं. मांडवाला पहिला हात लागला की तिनं सुरुवात करायची. उंबराची फांदी आणायची त्याचा धवला वेगळा, तांदूळ धुवायचे त्याचा वेगळा, तेल चढवायचं त्याचा वेगळा, हळदीचा वेगळा. मधे एकदा सगळ्या देवांना, वेशीवरच्या, खाडीवरच्या, डोंगरावरच्या, आणि घरातल्या गेलेल्या माणसांना नाव घेऊन मांडवात बोलवायचं. एखादं नाव राहिलं तर ते माणूस रुसून उंबऱ्याबाहेर उभं राहतं असं मानतात. बायजाच्या तोंडून कधी कुणाचं नाव राहिलं नाही. हे सगळं ती मावशीमागे बसून बसून शिकली होती. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं, पण पाच दिवसांचं लग्न ती गाण्यावर तोलून धरायची.

एकटीनं मात्र नाही. धवले दोघींनी गायचे असतात. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं ती उचलायची, म्हणजे कुठंच खंड पडत नाही आणि दोघींनाही श्वास घ्यायला सवड मिळते. बायजाची दुसरी म्हणजे ठमी. ठमी गावातलीच, दोन घरं सोडून राहणारी. बायजाचा आवाज जाड, जमिनीला धरून. ठमीचा बारीक आणि उंच, पाण्यावरून यावा तसा. मांडवाच्या मेढीला पाठ टेकून दोघी बसत. ठमी कायम डाव्या अंगाला. का, ते दोघींनाही सांगता आलं नसतं. पहिल्या लग्नात तशा बसल्या आणि मग जन्मभर तशाच बसल्या.

मग हळदीला मोठमोठे डबे यायला लागले. टेम्पोतून उतरणारे, माणसाच्या उंचीचे, रंगीत दिवे लावलेले. सुरुवातीला ते धवले संपल्यावर वाजायचे. पुढे पुढे पोरांना दम निघेना. एका लग्नात बायजा आणि ठमी तेलाचा धवला म्हणत होत्या आणि मधेच मांडवाबाहेर डबे सुरू झाले. जमीन हलायला लागली. नवरीच्या काकानं वाकून सांगितलं, "आजी, जरा आटपा आता." ठमी रागानं उठायला निघाली. बायजानं तिचा हात धरून तिला खाली बसवलं. देवांना बोलावणं पाठवलं होतं, ते अर्ध्यावर टाकून उठायचं कसं? बायजा नवरीच्या जवळ सरकली, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि उरलेला अख्खा धवला तिच्या कानात म्हटला. दुसऱ्या कानाशी ठमी. बाहेर काय चाललं होतं ते नवरीला ऐकू आलं नसावं, कारण ती शेवटपर्यंत मान खाली घालून शांत बसून होती. काम पुरं झाल्यावरच दोघी उठल्या.

त्या दिवसापासून बायजाला असल्या यंत्रांचा तिटकारा बसला. "जल्ली ती डबरी," म्हणायची. "त्यांना बोंबलता येतं, बोलता न्हाय येत."

पुढे ठमीच्या गळ्याला गाठ आली. ती काढावी लागली. आवाजाची खात्री नाही हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, आणि तसंच झालं. जीव वाचला, आवाज गेला. उरली ती नुसती खरखर, जवळ गेल्याशिवाय न कळणारी. लेकीनं तिला पालीला आपल्या घरी नेलं. बायजानं त्यानंतर दोन-तीन लग्नं एकटीनं केली. ओळ टाकायची आणि उचलायला कुणी नाही. तिला श्वास पुरेना. मग तिनं सुपारी घेणं बंद केलं.

*

धाकटा हर्षद थळच्या खत कारखान्यात ऑपरेटर होता. रात्रपाळी करून धरमतरची खाडी ओलांडून गाडीवरून गावी येताना त्याचा डोळा लागायचा. एकदा तो रस्ता सोडून थेट मिठागरात गेला. लागलं फारसं नाही, पण त्याची बायको सोनल घाबरली. ती अलिबागच्या शाळेत शिक्षिका. दोघांनी अलिबागला लागूनच चेंढऱ्याला फ्लॅट घेतला. एक हॉल, एक खोली, स्वयंपाकघर, आणि कपडे वाळत घालण्यापुरती गॅलरी. गावचं घर थोरल्या गणराजकडे राहिलं. बायजा कुणाकडे राहणार हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. हर्षदनं तिची पेटी उचलून गाडीत ठेवली, एवढंच. हॉलमधला दिवाण तिचा झाला.

हर्षदला लहानपणापासून ऐकण्याचा नाद. गाण्याचा नव्हे, ऐकण्याचा. गावच्या पडवीत त्यानं सुटे भाग आणून कमरेएवढे दोन स्पीकर स्वतः जोडले होते. ड्यूटीवरून आला की डोळे मिटून त्यांच्यासमोर बसायचा. बासरी, जुनी सिनेमातली गाणी, कुणाकुणाच्या मैफिली. आवाज कधी मोठा करायचा नाही. म्हणून बायजानं त्या दोघांना कधी डबरी म्हटलं नव्हतं.

ते दोन स्पीकर त्यानं फ्लॅटमध्ये आणले आणि पंचाईत झाली. एक दाराआड गेला, एक फ्रिजला टेकला. हळू लावलं तरी हॉलभर नुसता घुमारा. बायजाच्या हातातल्या बशीतला चहा थरथरायला लागला. खालच्या मजल्यावरचे काका वर आले, बूट बाहेर काढले, नम्रपणे आत बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "यंदा गणपती लवकर आले का?" दुसऱ्या दिवशी हर्षदनं स्पीकर गणराजकडे पोहोचवले.

त्यानंतर वर्षभर हर्षदच्या घरी गाणं नव्हतं. टीव्ही होता. सोनलच्या लक्षात आलं की नवरा घरी आल्यावर काय करावं ते न सुचून खोल्यांमधून फिरतो, आणि खोल्या दोनच असल्यामुळे लवकर परत येतो. एका रविवारी भाजी निवडता निवडता तीच म्हणाली, "घे ना एखादी चांगली सिस्टीम. लहान घराला बसेल अशी."

"लहान घ्यायची तर फार चांगली घ्यावी लागते," हर्षद म्हणाला. त्यानं यावर बरंच वाचून ठेवलेलं दिसत होतं. "मोठ्या डब्यातून मोठा आवाज कुणीही काढेल. लहान डब्यातून खरा आवाज काढायला कसब लागतं. त्यात कंजूषी केली तर ट्रान्झिस्टर आणल्यासारखं होईल."

"मग चांगलीच घे. पण जमिनीवर जागा अडवायची नाही. तारा लोंबायच्या नाहीत, मला केर काढायचा असतो. आणि दार पूर्ण उघडलं पाहिजे."

"आणि आवाज?"

"आवाजाचं मला काय विचारतोस? ती वस्तू राहणार हॉलमध्ये. हॉल कुणाचा?"

दोघांनी दिवाणाकडे पाहिलं. बायजा पावट्याच्या शेंगा सोलत होती.

"मना कशाला वढता त्यात?" ती म्हणाली.

"आई, तुमच्या उशाशी येणार आहे ती," सोनल म्हणाली. "तुम्हाला आवडली नाही तर ती घरात यायची नाही. मी येऊ देणार नाही."

बायजाला हसू आलं. सुनेनं आपल्या कौलावर घरातली एवढी मोठी वस्तू टांगून ठेवावी, हे तिला बरं वाटलं.

*

शनिवारी तिघं मांडव्याहून लाँचनं मुंबईला गेली. शोरूम फोर्टात होतं, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. आत पाऊल टाकताच बाहेरची मुंबई बंद झाली. जमिनीवर गालिचा, भिंतींवर लाकडाच्या पट्ट्या, आणि इतकी शांतता की बायजाला स्वतःच्या बांगड्यांचा संकोच वाटला. विनिता नावाच्या एका मुलीनं तिला हात धरून खुर्चीत बसवलं आणि आधी घराबद्दल विचारलं. खोली केवढी, खिडक्या कुठं, भिंतीला काय टेकलंय, ऐकणारं माणूस कुठं बसतं, वर-खाली कोण राहतं. हर्षदनं फ्लॅटचा नकाशा फोनवर काढून दाखवला. गाण्यांच्या आवडीबद्दल तिनं सगळ्यात शेवटी विचारलं, याचं सोनलला नवल वाटलं.

"खोली ठरवते, ताई," विनिता म्हणाली. "आपण फक्त ऐकतो."

तिनं तीन सिस्टीम काढल्या. पहिली एकसंध, कलिंगडाएवढी, गोलसर, राखाडी कापडात गुंडाळलेली. एकच वायर. सोनलनं ती पाहताक्षणी मनातल्या मनात शोकेसवर ठेवून बघितली. दुसरी म्हणजे दोन सडपातळ उंच स्पीकर, चकचकीत काळे, आणि सोबत एक पातळ अॅम्प्लिफायर. हर्षदचे डोळे तिथंच अडकले. तिसरी जोडी बुटकी, स्टँडवर ठेवलेली, लाकडी, पायलीएवढी. भात मोजायची पायली असते ना, तेवढीच. अॅम्प्लिफायर त्यांच्या पोटातच होता.

"एवढेसे?" हर्षद म्हणाला.

"ऐकून बघा, सर."

विनितानं एक सिनेमातलं गाणं लावलं, मग बासरी, मग परदेशी काहीतरी, ज्यात एक माणूस नुसता जाड तारा छेडत होता. हर्षद मान डोलवत होता. त्याचा जीव उंच जोडीवर बसला होता, ते बायजाला त्याच्या मानेवरूनच कळलं. तिला स्वतःला तिन्ही आवाज सारखेच वाटले. चांगले, गुळगुळीत. कुठंच कान दुखला नाही, पण कुठंच कान थांबलाही नाही. गारव्यानं तिला पेंग यायला लागली.

"तुमच्या घरातलं काही आहे का?" विनितानं विचारलं. "असं काहीतरी, ज्याचा खरा आवाज तुम्हाला तोंडपाठ आहे. रेडिओवर ऐकलेलं नको. समोर बसून ऐकलेलं."

हर्षदनं फोन काढला. गणराजच्या मुलीच्या लग्नात, ठमीच्या गळ्याला गाठ यायच्या आधी, त्यानं कामावरच्या एका मित्राचा छोटा रेकॉर्डर आणला होता, दोन बाजूंना दोन कान असलेला. बायजा आणि ठमी ज्या मेढीला टेकून बसल्या होत्या, त्याच मेढीला, दोघींच्या डोक्यांच्या मधोमध, त्यानं तो सुतळीनं बांधला होता. नंतर देवांना बोलवायच्या धवल्याचं ते रेकॉर्डिंग फोनवर आणि गाडीत दोन-चारदा वाजलं असेल. बायजानं ते ऐकून, "पत्र्याच्या पिंपात बसून गातंय कोनतरी," म्हटलं होतं. मग कुणी लावलं नाही.

पहिल्या, गोल सिस्टीमवर ते सुरू झालं. बायजाची पेंग गेली. आवाज पिंपातला नव्हता, साफ होता. ती कान देऊन ऐकत राहिली आणि म्हणाली, "दोघी हायेत, पन एका तोंडानं गातात."

उंच जोडीवर मांडवाचा जनरेटरही गायला लागला. घू घू घू असा खालून येणारा घुमारा, आणि त्यावर तरंगणाऱ्या दोन बायका. हर्षदनं कपाळाला आठ्या घातल्या. आतापर्यंत त्याला ज्या भरदारपणाचं कौतुक वाटत होतं, तोच आता आडवा येत होता.

तिसरी जोडी. विनितानं बायजाची खुर्ची थोडी पुढे सरकवली, दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधे आणली आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

आधी कुणीतरी खाकरलं. मग बायजानं ओळ टाकली, तिच्या स्वतःच्या जाड आवाजात, उजवीकडून. आणि मग डावीकडून, हाताच्या अंतरावरून, ठमीनं ती उचलली.

बायजानं मान डावीकडे वळवली.

तिथं स्टँड होता, गालिचा होता, भिंतीच्या लाकडी पट्ट्या होत्या. पण ठमी होती. तिचा श्वास घेतानाचा बारीकसा शीळ घातल्यासारखा आवाज होता, ओळीच्या शेवटी ती मान वर करायची तेव्हा आवाज किंचित दूर जायचा तोही होता. मागे लांब कुठंतरी कोंबडा ओरडला, कुणीतरी भांडं ठेवलं, एक मूल रडून गप्प झालं. अख्खा मांडव उभा राहिला. बायजा मान वळवलेल्या अवस्थेतच बसून राहिली. तिचे ओठ हलत होते. ठमीची ओळ संपली की ती आपली ओळ म्हणत होती, आवाज न करता.

गाणं संपल्यावर विनितानं हळूच विचारलं, "सर, हे काय आहे? कोण गातंय?"

"उजवीकडची माझी आय आहे," हर्षद म्हणाला. "ही बसलीय ती. डावीकडची ठमीमावशी. पेण-अलिबागेत यांच्यासारखी जोडी नव्हती."

हर्षदनं असं कधी चारचौघांत म्हटलेलं बायजानं ऐकलं नव्हतं. घरात म्हटलेलंही नव्हतं. ती खुर्चीत जरा ताठ बसली. पदर सारखा केला.

"आजी," विनिता म्हणाली, "परत एकदा लावू?"

"लाव, बाय," बायजा म्हणाली. "मना यातलं कलत न्हाय. पन यात ठमी बसलेली हाय. बाकीच्यात न्हाय."

हर्षदनं उंच जोडीकडे एकदा शेवटचं पाहिलं. मग त्यानं विनिताला तिसऱ्या जोडीचं बिल करायला सांगितलं.

*

खोकी घरी आली, आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांचा विरस झाला. ठमी नव्हती.

हर्षदनं एक स्पीकर खिडकीच्या कोपऱ्यात ठेवला होता, दुसरा शोकेसवर, फ्रिजच्या शेजारी. आवाज छानच होता. बासरी लावली तर सोनलनंही स्वयंपाकघरातून डोकावून मान हलवली. पण धवला लावला तेव्हा बायजा दिवाणावरून म्हणाली, "ही गॅलरीत जाऊन गाते. आन मी फ्रीजात."

हर्षदनं विनिताला फोन केला. तिनं शांतपणे सगळं विचारून घेतलं. कोपऱ्यात ठेवला तर कोपरा बोलतो, स्पीकर बोलत नाही, ती म्हणाली. दोन्हींच्या मागे सारखी मोकळी जागा हवी, दोन्ही कानाच्या उंचीला हवेत, आणि ऐकणारं माणूस मधे हवं. स्पीकरला जागा शोधू नका, बसणाऱ्याची जागा आधी ठरवा, मग स्पीकर तिच्यासमोर आणा.

"म्हणजे दिवाण हलवायचा," सोनल म्हणाली.

"म्हणजे सगळंच हलवायचं," हर्षद म्हणाला.

तो सगळा रविवार त्यात गेला. दिवाण खिडकीखालून आतल्या भिंतीशी आला. टीव्ही खोलीत गेला, त्याबद्दल कुणी फारसं दुःख केलं नाही. फ्रिज स्वयंपाकघरात ढकलला, तिथं तो बसेना, मग ओट्याशेजारची मांडणी गॅलरीत आली. राहता राहिली सोनलची शोकेस. माहेरून आणलेली, काचेची, आत काशीदच्या किनाऱ्यावर वेचलेले शंख, मुलांनी शिक्षकदिनाला दिलेल्या वस्तू. ती नेमकी डाव्या स्पीकरच्या जागेवर उभी होती. हर्षदनं दोनदा तिच्या बाजूनं स्पीकर ठेवून पाहिला, दोनदा ठमी शोकेसच्या आत जाऊन बसली.

बायजाच म्हणाली, "राहू दे रे. सुनेच्या वस्तूला हात न्हाय लावायचा. जिथं बसेल तिथं बसेल ठमी."

सोनलनं पदर खोचला, शोकेस उघडली आणि एकेक शंख काढून परातीत ठेवायला लागली. "आई, उठा, मधे बसा तुम्ही," ती म्हणाली. "आणि सांगा कुठं ठेवायचा ते. हा काही सांगणाऱ्यातला नाही."

मग बायजा दिवाणाच्या मधोमध बसली आणि सांगत गेली. थोडा पुढं घे. लय झाला. माझ्याकडं तोंड कर जरा. न्हाय, एवढं न्हाय, मुरडली ती. हर्षद एका स्टँडशी, सोनल दुसऱ्याशी, दोघं गुडघ्यांवर, घामाघूम. धवला इतक्यांदा वाजला की खालच्या काकांनाही बहुतेक पाठ झाला असावा. एकदा बायजानं नुसता हात वर केला. दोघं थांबली.

"आली?" हर्षदनं विचारलं.

"बसली," बायजा म्हणाली. "आता नका हात लावू."

सोनल उठून बायजाच्या शेजारी बसली, तिनंही ऐकलं. मग बायजाच्या खांद्याला खांदा लावून अगदी मधे सरकून ऐकलं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण सासूला गाताना तिनं दूर पाहुण्यांच्या गर्दीतून ऐकलं होतं, ताटं वाढता वाढता. आज पहिल्यांदा ती त्या दोघींच्या मधे, मेढीशी बसली होती.

"आई," ती म्हणाली, "तुम्ही हे कुणाला सांगत का नाही?"

"काय सांगायचं?"

"की तुम्ही अशा गाता."

*

ठमी पालीहून आली ती दिवाळीनंतर, लेकीबरोबर. वाळून अर्धी झाली होती. जिन्यातच बायजानं तिला धरलं, आणि दोघी एकमेकींना पाहत उभ्या राहिल्या. ठमी काहीतरी म्हणाली. बायजानं कान पुढे नेला.

"जाडी झालीस गो बायजे," ठमीची खरखर आली.

जेवण झालं, पानं झाली. हर्षदनं तिला दिवाणावर मधे बसवलं. बायजा मुद्दाम बाजूला स्टुलावर बसली. ठमीला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिला वाटलं, पोरगं नवीन वस्तू आणलीय ती दाखवतंय. ती स्पीकरकडे पाहून कौतुकानं मान हलवत होती.

गाणं सुरू झालं. बायजाची ओळ गेली. ठमीचा स्वतःचा आवाज डावीकडून उठला आणि ठमीचा हात आपोआप गळ्याशी गेला, जिथं टाके पडले होते तिथं. तिची लेक तोंडाला पदर लावून गॅलरीत निघून गेली. ठमी मात्र रडली नाही. ती ऐकत होती. गात असताना ती कधी ऐकू शकली नव्हती. गाताना पुढची ओळ बघायची असते, मागची गेलेली असते. आता तिला कुठं जायचं नव्हतं. उंच जागा आली तशी तिनं डोळे मिटले, आणि ती जागा पार झाल्यावर मान एकदाच हलवली, दुसऱ्या कुणा चांगल्या गाणारणीला दाद द्यावी तशी.

गाणं संपलं. ठमीनं बोटानं बायजाला जवळ बोलावलं.

"तिसऱ्या देवाला तू घाई केलीस," ती म्हणाली.

"म्या न्हाय घाई केली. तूच वढलंस."

"लाव रे पोरा परत. दाखवते हिला."

हर्षदनं परत लावलं. घाई बायजानंच केली होती. ती कबूल झाली नाही, पण पुन्हा लावायलाही म्हणाली नाही, आणि ठमी तोंडाला पदर लावून हसत बसली.

मग ठमीनं आणखी एक विचारलं. उंबराचा धवला कुठंय? तांदळाचा? हर्षद म्हणाला, एवढंच रेकॉर्ड झालं होतं, बाकी राहिलं. ठमीनं बायजाकडे पाहिलं. उंबराच्या धवल्यात मधली बरीच कडवी ठमीकडचीच होती. बायजानं ती कधी पुरी म्हटलीच नव्हती, ठमीनं टाकलेल्या ओळीचा शेवट तेवढा उचलला होता. ती ठमीबरोबर गेली असं धरून बायजानं एकटीनं केलेल्या लग्नांत ती गाळली होती.

"गेली न्हाईत," ठमी म्हणाली. डोक्याला बोट लावलं. "सगली हायेत हितं. तू म्हन. मी सांगते."

त्या दुपारी बायजा ठमीच्या तोंडाशी कान लावून बसली. ठमी ओळ कुजबुजायची, नुसती हवा आणि शब्द, चाल हाताच्या बोटांनी दाखवायची, आणि बायजा ती गायची. आधी ठमीची ओळ उंच म्हणायची, मग आपली खाली. म्हातारा गळा, बरेच दिवस बंद पडलेला, सुरुवातीला अडखळला, मग लागला. सोनल दार लावायला उठली आणि तशीच उभी राहिली, कारण जिन्यात वरच्या आणि खालच्या मजल्यावरच्या बायका येऊन थांबल्या होत्या. तिनं दार पूर्ण उघडून त्यांना आत घेतलं. हर्षदनं मित्राकडून रेकॉर्डर पुन्हा आणायचं तिथंच ठरवलं, आणि मग म्हणाला, नको, आपलाच घेऊ.

ठमी दोन दिवस राहिली. जाताना ठरलं की महिन्यातून एकदा यायचं, राहिलेले सगळे धवले पुरे करायचे.

बायजा तिला सोडायला हर्षदबरोबर बस स्टँडवर गेली. पालीची एसटी लागली होती. ठमी आणि तिची लेक खिडकीशी बसल्या, बायजा खाली खिडकीला धरून उभी राहिली. ठमीच्या पलीकडे एक अनोळखी बाई येऊन बसली, मांडीवर टोपली घेऊन. तिनं प्रवासात विचारतात तसं विचारलं, "कुठं आला होतात, आजी? नात्यात?"

ठमीनं त्या बाईला हातानं जवळ बोलावलं, कारण तिला मोठ्यानं बोलता येत नव्हतं. पण त्या एका वाक्यासाठी तिनं जेवढा होता तेवढा सगळा आवाज काढला, आणि तो खाली उभ्या असलेल्या बायजालाही ऐकू आला.

"माजं गानं ऐकाला आयलेली," ठमी म्हणाली.